घरातील जमिनीवर आसंजके : लावणे आणि काढणे

घराच्या जमिनीवर एखादे आच्छादन चिकटविण्याचे काम एका दिवसात संपते. ते काढण्याचे काम मात्र बहुधा वीस-पंचवीस वर्षांनी, आणि पुष्कळदा दुसऱ्याच माणसांच्या वाट्याला येते. चिकटविणाऱ्याने कोणते द्रव्य वापरले होते हे तोवर कोणालाच आठवत नसते. म्हणून आसंजकांचा, म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांना जखडून धरणाऱ्या द्रव्यांचा, विचार करताना लावणे आणि काढणे हे दोन विषय वेगळे ठेवून चालत नाही.

बंगळूर शहरात याचे चांगले उदाहरण पाहावयास मिळते. १८९८ साली त्या शहरात प्लेगची साथ पसरली आणि जुन्या पेठांच्या दाट वस्तीतून बाहेर पडलेल्या कुटुंबांनी बसवनगुडी व मल्लेश्वरम या मोकळ्या, आखीव वसाहतींचा आश्रय घेतला. तेथील जुन्या घरांतून तांबड्या ऑक्साइडची गुळगुळीत जमीन आढळते. कोकणात व गोव्यात जिला आपण तांबडा कोबा म्हणतो तीच ही जमीन. खालच्या ओल्या थरावर सिमेंट व लोह-ऑक्साइडची तांबडी पूड यांचे मिश्रण पसरावयाचे, करणीने पुन्हा पुन्हा घोटावयाचे, कित्येक दिवस पाणी देऊन ते मुरू द्यावयाचे, आणि शेवटी खोबरेल तेल किंवा मेण चोळून त्याला चकाकी आणावयाची, अशी तिची कृती. हा रंगीत थर अवघा काही मिलिमीटर जाडीचा असतो. ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. पुढील बरेचसे विवेचन तिच्याशी निगडित आहे.

पुढे लिनोलियम आले, त्यामागून पीव्हीसीच्या लवचीक चादरी व चौकोनी तुकडे आले. भारतीय मानक संस्थेने १९६९ साली अशी आच्छादने बसविण्याची कार्यपद्धती आयएस ५३१८ या क्रमांकाने प्रसिद्ध केली; यावरून त्यांचा प्रसार घरे व कचेऱ्यांमधून किती झाला असेल याची कल्पना येते. तांबडी जमीन जुनाट वाटू लागली, तिला भेगा पडल्या, आणि अनेकांनी ती झाकून टाकली. आता त्याच घरांचे वारस किंवा नवे मालक आच्छादन उचलून खालची जमीन पुन्हा पाहू इच्छितात. अशा वेळी हाती येते ते काळपट, पिवळट किंवा पांढुरके डागांचे एक चिवट कवच. ते काढण्याच्या पद्धतीवर त्या जमिनीचे पुढचे आयुष्य अवलंबून राहते. पन्नास-साठ वर्षे तुडविली जाऊनही टिकलेला थर आम्लाच्या एका बाटलीने एका दुपारी नष्ट होऊ शकतो.

येथे भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्याला एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. मराठीत ‘जमीन’ हा एकच शब्द शेताच्या मातीलाही चालतो आणि घराच्या तळालाही. कन्नडातील ‘नेल’ या शब्दाचेही तसेच आहे. चिकट द्रव्याला कन्नडात ‘अंटु’ म्हणतात आणि संसर्गजन्य रोगाला ‘अंटुरोग’, म्हणजे चिकटणारा रोग. प्लेगमुळे वसलेल्या वसाहतींच्या संदर्भात हा शब्द पुढे यावा हा केवळ योगायोग. पण भाषेला चिकटण्याचे स्वरूप बरोबर उमगलेले दिसते. स्पर्श झाल्यावाचून चिकटणे नाही.

चिकटणे म्हणजे काय

दोन पृष्ठभाग डोळ्यांना कितीही सपाट दिसले तरी सूक्ष्म पातळीवर ते डोंगरदऱ्यांसारखे असतात. एकावर एक ठेवल्यास त्यांचा खरा स्पर्श मोजक्या शिखरांपुरताच होतो. रेणूंमधील आकर्षण तर अत्यंत अल्प अंतरावरच प्रभावी ठरते. म्हणून दोहोंमध्ये एखादे द्रव ओतावे लागते. ते दऱ्यांमध्ये शिरते, दोन्ही बाजूंना पूर्ण स्पर्श करते आणि नंतर घट्ट होते. आसंजकाच्या अंगी दोन गुण असावे लागतात : परक्या पृष्ठभागाला धरून राहणे, याला आसंजन म्हणतात, आणि स्वतः न तुटणे, याला संसक्ती म्हणतात. मधात आसंजन भरपूर आहे, संसक्ती नाही. म्हणून बोटाला मध चिकटतो, पण मधाने फरशी चिकटत नाही.

द्रव पृष्ठभागावर पसरणे ही पहिली अट होय. तेल प्यालेल्या तांबड्या कोब्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो मोत्यासारखा गोल राहतो. अशा जमिनीवर पाण्यात कालविलेले आसंजकही नीट पसरत नाही, आणि जे पसरत नाही ते धरतही नाही. धुळीची गोष्ट याहून साधी आहे : आसंजक धुळीला घट्ट चिकटते आणि धूळ जमिनीला मुळीच चिकटलेली नसते. गवंड्यांना हे पक्के ठाऊक असते. म्हणूनच ते नवा थर देण्यापूर्वी जुनी जमीन छिन्नीने टोचून खडबडीत करतात. मात्र जुन्या घरात आच्छादन उचलल्यावर जमिनीवर ओळीने पाडलेले टोचे दिसले, तर खालची तांबडी जमीन जशीच्या तशी परत मिळण्याची आशा सोडून द्यावी. तेथे प्रश्न आसंजकाचा राहिलेला नसतो.

आसंजकांची वर्गवारी अनेक प्रकारे करता येते. आपल्या कामाला सर्वांत उपयोगी पडते ती ते घट्ट कसे होते यावरून केलेली वर्गवारी. खळ, बाभळीचा डिंक, सरस आणि अलीकडची पांढरी पायसरूप आसंजके ही पाणी उडून गेल्यामुळे घट्ट होतात. रबरापासून केलेली पिवळट, उग्र वासाची आसंजके विद्रावक उडून गेल्यामुळे घट्ट होतात. डांबर व राळ यांसारखी द्रव्ये तापवून लावतात आणि ती निवल्यावर घट्ट होतात. सिमेंट, इपॉक्सी, पॉलियुरेथेन यांचे घट्ट होणे ही रासायनिक क्रिया आहे. यांतून काढण्याविषयीचे एक सूत्र आपोआप निघते. पाणी गेल्याने जे घट्ट झाले त्याला पाण्याने मऊ करता येईल. विद्रावक गेल्याने घट्ट झाले त्याला विद्रावकाने. निवल्याने घट्ट झाले त्याला उष्णतेने, किंवा उलट आणखी थंड करून ठिसूळ बनवून. रासायनिक क्रियेने जे घट्ट झाले त्याला परतीची वाट नाही. ते तोडावे किंवा झिजवावेच लागते. या सूत्राला अपवाद आहेत. पांढरे आसंजक एकदा वाळले की पाण्यात पूर्ण विरघळत नाही, केवळ फुगून पांढुरके व मऊ होते. पण खरवडण्यास तेवढे पुरते. इपॉक्सी साठ-सत्तर अंश सेल्सियसच्या पुढे बऱ्याच अंशी नरम पडते, त्यामुळे गरम हवेच्या झोताखाली त्याचा पापुद्रा निघू शकतो. असे असले तरी सूत्र कामाचे आहे.

पांढऱ्या आसंजकांविषयी दोन शब्द अधिक लिहिणे अवश्य आहे. १९५९ साली भारतीय बाजारात आलेल्या फेव्हिकॉलचे नाव आता सामान्यनामासारखे वापरले जाते, आणि घरात काहीही सुटले की हात त्या वर्गातल्या डब्याकडे वळतो. ही आसंजके लाकडासाठी उत्तम. लाकूड सच्छिद्र असते, पाणी शोषून घेते आणि सामान्यतः कोरडे राहते. जमिनीची गोष्ट निराळी. ती रोज पुसली जाते, आणि तळमजल्यावर खालूनही ओल वर चढत असते. सिमेंटमधून येणारी ही ओल क्षारयुक्त असते व पॉलिव्हिनिल अ‍ॅसिटेटचे हळूहळू विघटन करते. सुटलेली फरशी साध्या पांढऱ्या आसंजकाने बसविली की ती काही आठवड्यांनी पुन्हा डुगडुगू लागते, यात आश्चर्य वाटावयास नको.

लावताना

ओलीची परीक्षा प्रथम करावी. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा पारदर्शक कागद जमिनीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि एक रात्र, किमान सोळा तास, तसाच ठेवावा. सकाळी कागदाखाली दव दिसले किंवा जमीन काळवंडलेली दिसली तर त्या जमिनीवर काहीही चिकटवू नये. बंगळूरला मेपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत पाऊस थांबून थांबून पडत राहतो व सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याचा जोर असतो. तेथील जुन्या, जोत्यात ओल अडविणारा थर नसलेल्या घरांत हे काम जानेवारी ते मार्चच्या दरम्यान करणे शहाणपणाचे. मुंबईत किंवा कोकणात फेब्रुवारी-मार्चचा काळ बरा. सिमेंटचा नवा थर असेल तर तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाळतो असा ढोबळ हिशेब धरतात, आणि जाड थराला त्याहूनही जास्त अवधी लागतो. गृहप्रवेशाची तारीख ठरली म्हणून सिमेंट लवकर वाळत नाही.

पीव्हीसीची गुंडाळी खोलीत एक दिवस उलगडून ठेवावी, म्हणजे तिचा बाक निघतो. रबरी आसंजक लावावयाचे असेल तर ते जमिनीवर व आच्छादनाच्या पाठीवर, दोन्हीकडे, पातळ व एकसारखे पसरावे लागते, आणि नंतर थांबावे लागते. हे थांबणेच पुष्कळांना जमत नाही. बोट लावले असता चिकट वाटावे पण बोटाला काही येऊ नये, अशी स्थिती येईपर्यंत, म्हणजे दहा ते वीस मिनिटे, विद्रावक उडू द्यावा. त्याआधीच दाबले तर विद्रावक आत कोंडला जातो, आच्छादनाला फुगे येतात आणि सांधा कित्येक आठवडे मऊ राहतो. योग्य वेळी दाबले तर पकड तत्काळ बसते. सरकवून नीट करण्याची सोय मग उरत नाही. पायसरूप अ‍ॅक्रिलिक आसंजक फक्त जमिनीवर, दातेरी करणीने पसरतात. त्याची पकड सावकाश बसते व चूक सुधारण्यास अवसर मिळतो. मध्यापासून कडांकडे वजनदार रूळ फिरवून हवा काढून टाकावी. डांबरी आसंजकावर मऊ पीव्हीसी बसविणे टाळावे. पीव्हीसीला लवचीक करणारे तेलकट द्रव्य कालांतराने डांबरात उतरते व त्याला पातळ करते, आणि डांबराचे डाग आच्छादनातून वर येतात.

चकचकीत व्हिट्रिफाइड फरशीचा प्रकार वेगळा. तिची पाणी शोषण्याची क्षमता अर्धा टक्का किंवा त्याहून कमी असते. शहाबादी फरशी सिमेंटच्या रबडीवर बसविण्याची आपली पद्धत फरशीच्या सच्छिद्रतेवर विसंबून आहे. व्हिट्रिफाइडच्या पाठीत सिमेंट शिरतच नाही. म्हणून तिच्यासाठी बहुवारिक मिसळलेले सिमेंटी आसंजक वापरतात. त्यासाठीचे भारतीय मानक आयएस १५४७७ हे आहे. दोन फरश्यांमध्ये निदान दोन मिलिमीटरची फट ठेवून ती भरावी. फट न ठेवता घट्ट बसविलेल्या फरश्या उन्हाळ्यात प्रसरण पावतात व एखाद्या दिवशी मोठा आवाज होऊन तंबूसारख्या उचलल्या जातात.

काढताना

प्रथम ओळख पटवावी. काळे व वासाला रस्त्याच्या डांबरासारखे असेल तर डांबरी. पिवळसर-तपकिरी असून नखाखाली रबरासारखे गोळा होत असेल तर रबरी. पांढुरके असून पाण्याने आणखी पांढरे पडत असेल तर पायसरूप. करडे व नखाला दाद न देणारे असेल तर सिमेंटी. काचेसारखे पारदर्शक व कठीण असेल तर इपॉक्सी. खोलीच्या कोपऱ्यात, कपाटामागे, तळहाताएवढ्या जागेवर परीक्षा घ्यावी. गरम पाण्यात पिळलेले फडके दहा मिनिटे ठेवावे. त्याने काही न झाल्यास कापसाच्या बोळ्याने टर्पेंटाइन लावून पाहावे, आणि तेही न लागू पडल्यास अ‍ॅसिटोन. क्रम सौम्याकडून तीव्राकडे असावा. बहुतेक लोक उलट क्रमाने जातात आणि तेथेच जमीन बिघडते.

यातला सर्वांत घातक उपाय म्हणजे शौचालय साफ करण्याचे आम्ल. आम्ल लावले की फेस येतो, डाग सुटू लागतो, आणि माणसाला वाटते की औषध लागू पडले. वस्तुतः रबर, डांबर किंवा पॉलिव्हिनिल यांवर हायड्रोक्लोरिक आम्लाचा म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. फेस येतो तो सिमेंटमधील चुना विरघळून कार्बन डायऑक्साइड निघतो म्हणून. डाग सुटतो, कारण त्याच्याखालची जमीनच विरघळलेली असते. तांबड्या कोब्यावर अशा ठिकाणी खरखरीत पांढुरका चट्टा उरतो व तो तेलाने किंवा मेणाने पूर्ववत होत नाही. शहाबादी, कडप्पा आणि कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड, संगमरवरही त्याच जातीचा, आणि मोझेकमधील खडे संगमरवराचेच. या सर्वांना हाच नियम लागू. बंगळूरच्या परिसरातील करडा ग्रॅनाइट आम्लाला दाद देत नाही खरा, पण त्याच्या दर्जांमधील सिमेंट देते. आम्लात कपडे शुभ्र करण्याचे ब्लीच मिसळले गेल्यास क्लोरीन वायू निघतो, हा धोका वेगळाच.

पायसरूप आसंजकाला ओली फडकी व धीर एवढेच पुरते. गरम पाण्याची फडकी पसरून वर प्लास्टिक झाकावे, अर्ध्या तासाने रुंद पात्याच्या पत्र्याने, पाते जमिनीशी जवळजवळ समांतर धरून, खरवडावे. पात्याचे कोपरे कानशीने गोल करून घेतल्यास कोब्यावर ओरखडे उठत नाहीत. डांबरासाठी उलट : बर्फाचे तुकडे पिशवीत घालून त्यावर ठेवावेत, ते कठीण झाले की पात्याला हलका ठोका द्यावा. टवके उडतात. राहिलेली काळी छटा टर्पेंटाइनने काढता येते. बिछायतीखालच्या किंवा विजेच्या तारांच्या दुहेरी चिकटपट्टीचे, आणि दारापुढे लावण्याच्या रांगोळीच्या स्टिकरांचे अवशेष बहुधा खोबरेल किंवा निलगिरी तेलाने अर्ध्या तासात सुटतात. उंबऱ्यावर दरवर्षी नवे स्टिकर लावणाऱ्या घरांत जुन्याचे थर सूरीने खरडण्याची रीत दिसते. ती आवश्यक नाही.

रबरी आसंजकाला टोल्युइन किंवा झायलीन असलेले थिनर फुगविते. येथे एका गैरसमजाचा उल्लेख करावयास हवा. विरघळविणे आणि काढणे या दोन भिन्न क्रिया आहेत. सच्छिद्र जमिनीवर भरपूर थिनर ओतले की आसंजक पातळ होऊन छिद्रांमध्ये उतरते, विद्रावक उडून जातो, आणि पूर्वी वर असलेला डाग आता आत बसतो. म्हणून विद्रावकाबरोबर ते शोषून घेणारे काहीतरी असावे. मुलतानी माती किंवा खडूची भुकटी विद्रावकात कालवून घट्ट लेप करावा, तो अर्धा इंच जाडीने डागावर द्यावा आणि वर प्लास्टिक झाकून काही तास ठेवावे. नंतर प्लास्टिक काढून लेप वाळू द्यावा. वाळताना विद्रावक लेपाच्या दिशेने वर येतो व विरघळलेले आसंजक बरोबर आणतो. एका लेपाने काम झाले नाही तर दुसरा द्यावा. संगमरवरावरचे तेलाचे डाग याच रीतीने काढतात.

विद्रावकांच्या वाफांविषयी

टोल्युइनची वाफ हवेच्या तिपटीहून जड असते. ती खिडकीतून निघून जात नाही. जमिनीलगत पसरते, आणि जमिनीवर काम करणारा माणूस नेमका तेथेच बसलेला असतो. हवेत ती सुमारे १.२ टक्के झाली की ठिणगीने पेट घेऊ शकते. तीन मीटर लांब व तीन मीटर रुंद खोलीचा हिशेब करून पाहू. जमिनीपासून एक फूट उंचीपर्यंतच्या हवेचे आकारमान सुमारे २.७ घनमीटर होते. त्याचे १.२ टक्के म्हणजे सुमारे ३२ लिटर वाफ. एवढी वाफ होण्यास द्रवरूप टोल्युइन लागते ते फक्त १४० मिलिलिटर, म्हणजे एक लहान पेलाभर. रबरी आसंजकात विद्रावकाचे प्रमाण निम्म्याहून पुष्कळ अधिक असते आणि खोलीभर आच्छादनाला काही लिटर आसंजक लागते. यावरून धोक्याचे मान कळावे. स्वयंपाकघरातील शेगडी, शीतकपाटाचे आपोआप चालू-बंद होणारे बटण, देवघरातील समई आणि उदबत्ती, यांतले काहीही पुरेसे होते. अ‍ॅसिटोन उणे अठरा अंशांच्या आसपासही पेटण्याजोगी वाफ देते. पेट्रोल तर घरात आणूच नये. रॉकेल व टर्पेंटाइन त्यामानाने कमी घातक, कारण त्यांना पेटण्याजोगी वाफ सोडण्यास सुमारे पस्तीस ते चाळीस अंशांची उष्णता लागते. आंध्र-विदर्भाच्या उन्हाळ्यात ती असतेच.

पेटण्याइतकी वाफ नसली तरी शरीराला तिचा उपद्रव होतो. १९७० च्या दशकात इस्तंबूल येथील पादत्राणे बनविणाऱ्या कारागिरांमध्ये रक्ताचा कर्करोग आढळू लागला. मुझफ्फर अक्सोय या वैद्याने त्याचा संबंध त्यांच्या आसंजकांतील बेंझीनशी जोडून दाखविला. हेक्झेन असलेल्या आसंजकांनी हातापायांच्या नसा बधिर होतात, हेही पादत्राणांच्या कारखान्यांतूनच कळले. रंग काढण्याच्या द्रव्यांत पूर्वी सर्रास असणारे मिथिलीन क्लोराइड शरीरात गेल्यावर त्याचे कार्बन मोनॉक्साइड बनते. अमेरिकेत २०१९ पासून रंग काढण्यासाठी ते किरकोळ ग्राहकाला विकण्यास बंदी आहे. घरमालक हे काम आयुष्यात एकदा करून घेतो. आच्छादने बसविणारा कामगार मात्र रोज आठ तास तोंड जमिनीजवळ नेऊन बसतो. त्याला बंद खोलीत काम करावयास लावणे, पाऊस येईल म्हणून खिडक्या लावून घेणे, यासारखा अविचार नाही. समोरासमोरची दारे-खिडक्या उघडी ठेवून, पंखा खोलीबाहेर तोंड करून जमिनीवर ठेवावा, म्हणजे खालची हवा बाहेर फेकली जाईल. मात्र तो वाफ साचण्यापूर्वीच चालू करावा आणि त्याचे बटण खोलीबाहेर असावे. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नये. वाळताना तो आपोआप तापून पेटू शकतो. त्या पसरून उन्हात वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात.

एका बाबतीत मात्र काढण्यापेक्षा न काढणेच बरे. जुने, कडक, नऊ इंची किंवा फूटभर चौरस आणि वाकविताच मोडणारे पीव्हीसीचे तुकडे आढळले तर त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. अशा तुकड्यांसाठी स्वतंत्र भारतीय मानक, आयएस ३४६१, होते, म्हणजे ते आपल्याकडे वापरात होते हे उघड आहे. ते अखंड असेपर्यंत तंतू बाहेर पडत नाहीत. कोरडे खरवडल्यास, किंवा त्याहून वाईट म्हणजे यंत्राने घासल्यास, तंतूंची धूळ घरभर होते, आणि ती फुप्फुसात गेल्याचे परिणाम वीस ते चाळीस वर्षांनी दिसतात. तुकडे शाबूत असतील तर त्यांवरच दुसरे आच्छादन घालावे. सुटलेले काढणे भागच असेल तर साबणाच्या पाण्याने भिजत ठेवून, न मोडता, एकेक उचलावा, ओला असतानाच जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा, आणि झाडू मुळीच मारू नये. खालचे आसंजकही ओलेच हाताळावे.

सिमेंटी आसंजकाने तांबड्या जमिनीवर चिकटविलेल्या फरश्यांविषयी माझे मत स्पष्ट आहे. ते आसंजक आणि खालचा कोबा दोन्ही सिमेंटचेच; फुटताना ते कोणत्या रेषेवर फुटतील हे गवंड्याच्या हाती नसते. दोन-तीन फरश्या कोपऱ्यात उचलून पाहाव्यात. तांबडा थर त्यांच्या पाठीला चिकटून वर आला तर पुढे जाऊ नये.

आसंजक निघाल्यावर जमीन साध्या साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन दोनदा स्वच्छ पाण्याने पुसावी व आठ-दहा दिवस उघडी ठेवावी. इतकी वर्षे झाकलेल्या जमिनीतील ओल आता वर येते आणि कधी कधी तिच्याबरोबर क्षारांची पांढरी बुरशीसारखी भुकटी येते. ती कोरड्या ब्रशाने झाडावी, पाण्याने धुऊ नये. भोके व भेगा भरण्यासाठी सिमेंट आणि तांबडी पूड यांचे मिश्रण वापरतात, परंतु नव्या मिश्रणाचा रंग ओला असताना जसा दिसतो तसा वाळल्यावर राहत नाही, पुष्कळ फिका पडतो. म्हणून पुडीचे प्रमाण बदलून चार-पाच नमुन्यांच्या बिस्किटाएवढ्या चकत्या थापाव्यात, प्रत्येकीच्या पाठीवर प्रमाण खिळ्याने कोरून ठेवावे, आठवडाभर वाळू द्याव्यात, त्यांना थोडे तेल चोळावे आणि मग त्या जमिनीवर ठेवून, दिवसाच्या उजेडात, जुळणारी चकती निवडावी.